तीन पायांवर उभे राहताना

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर तीन पायांनी पळणारा भटका कुत्रा पाहिला नाही, असा नागरिक विरळाच. कधीतरी गाडीखाली किंवा लोकलच्या रुळांत एक पाय गमावलेला हा प्राणी गल्लीतील इतर कुत्र्यांच्या बरोबरीने धावतो, अनोळखी माणसावर भुंकतो आणि चहाच्या टपरीपुढे बिस्किटासाठी हक्काने उभा राहतो. तरीही घरातील लाडक्या श्वानाचा पाय कापावा लागेल, असे पशुवैद्यकाने सांगितले की कुटुंबाच्या पायाखालची जमीन सरकते. 'असे पंगू आयुष्य देण्यापेक्षा त्याला कायमचे झोपवलेले बरे,' हा विचार त्या क्षणी अनेकांच्या मनात डोकावतो. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेतून श्वान बहुधा लवकर सावरतो. सावरायला वेळ लागतो तो त्याच्या मालकाला. म्हणूनच या प्रसंगी दोघांचीही काळजी घेणे आवश्यक ठरते.

पाय का कापावा लागतो?

श्वानाचा पाय काढून टाकण्याची वेळ मुख्यत्वे तीन कारणांनी येते. शहरांमध्ये पहिले कारण असते अपघात. हाडाचा चुरा झाला, रक्तवाहिन्या तुटल्या किंवा त्वचा आणि स्नायू मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, तर पाय वाचवणे अशक्य होते. काही अपघातांत हाड शाबूत राहते, मात्र मानेकडून पुढच्या पायात जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे मुळापासून तुटते. असा पाय लुळा पडतो, जमिनीवर घासटतो आणि संवेदना नसल्यामुळे त्यावर वारंवार जखमा होतात. काही श्वान बधिर झालेला पंजा स्वतःच चावून कुरतडतात. अशा रुग्णात संवेदना परत येते का, हे पाहण्यासाठी पशुवैद्यक बहुधा काही आठवडे थांबतात. सुधारणेची चिन्हे नसतील तर तो निरुपयोगी पाय काढून टाकणेच हिताचे ठरते.

दुसरे कारण म्हणजे हाडाचा कर्करोग. ऑस्टिओसार्कोमा हा त्यातील सर्वाधिक आढळणारा प्रकार. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या चणीच्या जातींत तो अधिक दिसतो. आरंभी केवळ लंगडणे असते. मुरगळले असेल, वयोमानाने संधिवात झाला असेल, अशा समजुतीत काही आठवडे निघून जातात आणि मग सांध्याजवळ कठीण सूज दिसू लागते. या रोगाच्या वेदना अतिशय तीव्र असतात आणि साध्या वेदनाशामकांनी त्या आटोक्यात येत नाहीत. तिसरे कारण आहे आटोक्यात न येणारा जंतुसंसर्ग किंवा कोथ. फार घट्ट बांधलेल्या पट्टीमुळे किंवा पायात अडकून राहिलेल्या दोरीमुळे रक्तप्रवाह थांबूनही ही वेळ येऊ शकते.

यांपैकी कोणत्याही कारणाने काढला जाणारा पाय बहुतेक वेळा आधीच निकामी झालेला असतो. श्वान कित्येक दिवस तीनच पायांवर चालत असतो. चौथा पाय त्याला केवळ दुखण्यापुरता उरलेला असतो. मालकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया म्हणजे पाय जाणे, तर श्वानाच्या दृष्टीने ती म्हणजे दुखणे जाणे. निर्णय घेताना हा फरक ध्यानात ठेवावा.

निर्णय घेण्यापूर्वी

प्रत्येक श्वान या शस्त्रक्रियेस योग्य असतोच असे नाही. उरलेले तीन पाय भार पेलू शकतील का, हा पहिला प्रश्न. नितंबाच्या सांध्याचा जन्मजात दोष, गुडघ्याचे तुटलेले अस्थिबंध, पुढे गेलेला संधिवात किंवा मज्जारज्जूचा आजार असेल तर तीन पायांवरचे जीवन कष्टाचे होऊ शकते. त्यासाठी पशुवैद्यकाने अन्य पायांची आणि मज्जासंस्थेची नीट तपासणी करणे आवश्यक असते. कर्करोगाचा संशय असेल तर छातीच्या क्ष-किरण तपासणीवाचून पुढे जाऊ नये. रक्ततपासणीही महत्त्वाची. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप सर्रास आढळतो आणि त्यात रक्तातील प्लेटलेट कमी होतात. हे आधी लक्षात आले नाही तर शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव थांबणे कठीण होते.

वय आणि आकार यांचा बाऊ मात्र करू नये. मोठ्या जातींचे आणि उतारवयातील श्वानही तीन पायांवर चांगले चालू लागतात. खरा अडथळा असतो तो स्थूलपणाचा. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाय कापलेल्या ६४ श्वानांच्या मालकांशी संपर्क साधण्यात आला. आपल्या श्वानाच्या वृत्तीत काहीही बदल झाला नाही, असे त्यांपैकी ५८ जणांनी सांगितले. ५० जणांच्या मते त्यांचा श्वान अपेक्षेपेक्षा चांगला सावरला होता. पुन्हा तशीच वेळ आली तर हाच निर्णय घेऊ, असे सांगणारे ५५ जण होते. चौघांनी मात्र स्पष्ट नकार दिला आणि पाच जण साशंक होते. अधिक वजनाच्या आणि स्थूल श्वानांचे पुढील जीवनमान तुलनेने कमी राहिले, असेही या पाहणीत आढळले.

एकाच पशुवैद्यकाच्या मतावर विसंबण्यास मन धजत नसेल तर दुसरे मत अवश्य घ्यावे. मुंबईत 'बैलघोडा' या नावाने ओळखले जाणारे परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय, १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे सुरू झालेले टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय असे पर्याय आहेत. पाय वाचवण्याची शक्यता किती, त्यासाठी किती शस्त्रक्रिया लागतील, तोवर वेदना किती राहील आणि अपयश आले तर पुढे काय, हे चार प्रश्न विचारल्यास चित्र पुष्कळ स्पष्ट होते. शक्य असल्यास तीन पायांचा एखादा श्वान प्रत्यक्ष पाहावा. दहा जणांनी दिलेल्या दिलाशाहून ती पाच मिनिटांची भेट अधिक बोलकी ठरते.

शस्त्रक्रियेत काय होते?

माणसाच्या बाबतीत पायाचा शक्य तितका भाग राखण्याकडे कल असतो. श्वानाच्या बाबतीत बहुधा उलट असते. अर्धवट ठेवलेला खुंट तो जमिनीवर टेकवू पाहतो, आपटतो आणि त्यावर जखमा होत राहतात. म्हणून पुढचा पाय साधारणपणे खांद्याच्या पसरट हाडासह काढला जातो आणि मागचा पाय मांडीच्या हाडाच्या वरच्या भागातून किंवा नितंबाच्या सांध्यातून काढतात. 'एवढा पाय का काढला?' हा शस्त्रक्रियेनंतर हमखास विचारला जाणारा प्रश्न आधीच समजून घेतलेला बरा.

श्वानाच्या शरीराचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. त्यामुळे पुढचा पाय गेलेल्या श्वानाला तोल साधण्यास किंचित अधिक कष्ट पडतात. मागचा पाय गेलेला श्वान तुलनेने सहज धावू लागतो. त्याची अडचण होते ती जिने चढताना आणि उडी मारताना.

पहिले दोन आठवडे

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दर्शन मालकाला हादरवणारे असते. अर्ध्या अंगावरील केस भादरलेले, लांबलचक टाके, काळीनिळी पडलेली त्वचा आणि गुंगीतील डोळे असे ते रूप असते. कुटुंबातील जी व्यक्ती मनाने खंबीर आहे, तिने प्रथम रुग्णालयात जावे. लहान मुलांना आधी कल्पना देऊनच श्वानासमोर आणावे.

पहिल्या एक-दोन रात्री श्वान कण्हतो, अस्वस्थ होतो, अन्नाला तोंड लावत नाही. यात वेदनेचा भाग असतो तसाच भुलीच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांच्या परिणामाचाही असतो. औषधाची वेळ चुकू देऊ नये. 'आता तो बरा दिसतो' म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणेही चूक. तोडलेल्या मज्जातंतूंमुळे गेलेल्या पायाच्या जागी वेदना जाणवत राहण्याचा प्रकार माणसांत परिचित आहे. श्वान काही सांगू शकत नाही. पण शांत झोपेतून अचानक किंचाळून उठणे, मागे वळून त्या जागेकडे पाहणे, तेथील स्नायू थरथरणे अशी लक्षणे वारंवार दिसली तर पशुवैद्यकाला कळवावे. त्यासाठी गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधे दिली जातात.

घरातील माणसांच्या गोळ्या श्वानाला कदापि देऊ नयेत. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकमुळे श्वानाच्या जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही त्याच्या यकृताला घातक ठरू शकते.

जखमेवर हळद, तेल किंवा राख लावण्याचा मोह टाळावा. जखम कोरडी ठेवावी आणि दिवसातून दोन वेळा केवळ नजरेने तपासावी. श्वानाने टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती प्लास्टिकचा शंकू घालतात. तो त्याला नकोसा होतो, तरी टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, काढू नये. आपल्या हवामानात माशांचा उपद्रव हा मोठा धोका आहे. उघड्या जखमेवर माशी बसली तर अळ्या पडण्यास वेळ लागत नाही. म्हणून या काळात श्वानाला घरातच ठेवावे. गरज भासल्यास मच्छरदाणी वापरावी.

चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास जखमेखाली पाणी साचून मऊ सूज येऊ शकते. ती बहुधा आपोआप जिरते. तथापि टाके उसवणे, सतत रक्त वाहणे, पू किंवा दुर्गंधी येणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, धाप लागणे, दिवसभर लघवी न होणे किंवा दोन दिवस अन्न न घेणे यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे.

लघवी-शौचासाठी नेताना पोटाखालून जुना टॉवेल किंवा सुती साडीची दुपदरी पट्टी घालून दोन्ही टोके हातात धरावीत. मादी बसताना आणि नर उभा राहताना सुरुवातीला तोल जातो. नराचा मागचा पाय गेला असेल तर पाय वर करण्याची जुनी सवय मोडून नवी रीत शोधण्यास त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस हाताचा आधार पुरेसा असतो. पुढचा पाय गेलेल्या श्वानाला गळ्यातील पट्ट्याने ओढू नये. छातीभोवती बसणारा आणि पाठीवर मूठ असलेला हार्नेस वापरावा.

घरात कोणते बदल करावेत?

तीन पायांच्या श्वानाचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे आपल्या सदनिकांतील गुळगुळीत फरशी. व्हिट्रिफाइड टाइल्स किंवा संगमरवरावर उरलेला पाय घसरला तर स्नायू ताणले जातात आणि त्याहून वाईट म्हणजे श्वानाचा धीर खचतो. एकदा पडलेला श्वान नंतर एकाच कोपऱ्यात बसून राहतो आणि घरच्यांना वाटते की तो मनाने खचला आहे. सतरंजी किंवा गोधडी अंथरून उपयोग होत नाही, कारण तीच सरकते. रबरी तळाची पायपुसणी किंवा योगासनांच्या चटया झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तेथून दारापर्यंत सलग अंथराव्यात. पंजाच्या गादीमधील केस कापलेले आणि नखे आखूड असावीत. पावसाळ्यात बाहेरून आल्यावर पंजे पुसूनच फरशीवर सोडावे.

अन्नपाण्याची भांडी छातीच्या उंचीच्या आसपास पाटावर ठेवल्यास पुढचा पाय नसलेल्या श्वानाला वाकण्याचे कष्ट पडत नाहीत. सोफ्यावर किंवा पलंगावर उडी मारणे पहिला महिना तरी बंद ठेवावे. अंथरूण जाड आणि मऊ असावे. उरलेल्या पायांच्या कोपरांवर घट्टे पडू नयेत यासाठी ते आवश्यक असते. मागचा पाय गेलेल्या श्वानाला त्या बाजूचा कान खाजवता येत नाही. तो कान रोज पाहणे, पुसणे आणि हाताने खाजवून देणे हे काम आता घरच्यांचे. बारीकसारीक वाटणारी ही सेवा श्वानाला फार सुखावते.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी जिना हा कळीचा मुद्दा असतो. टाके निघेपर्यंत श्वानाला उचलूनच न्यावे. मोठा श्वान असेल तर दोघांनी जाड चादरीची झोळी करावी. लिफ्ट असूनही श्वानाला तिच्यातून नेण्यास हरकत घेणाऱ्या गृहनिर्माण संस्था आढळतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव प्राण्यांना लिफ्टमधून नेण्यास सरसकट मनाई करता येत नाही. पदाधिकाऱ्यांना त्याची प्रत आणि पशुवैद्यकाचे पत्र आधीच देऊन ठेवल्यास ऐन वेळचा वाद टळतो.

वजन आणि व्यायाम

पाय गेला म्हणून श्वानाचे अधिक लाड होतात आणि ते लाड ताटातून व्यक्त होतात. तूप लावलेली पोळी, दूध, बिस्किटे आणि प्रत्येकाच्या हातचा एकेक घास यांमुळे दोन महिन्यांत वाढलेले वजन तीन पायांना पेलावे लागते. श्वान किंचित सडपातळच असावा. बरगड्या हाताला सहज लागाव्यात आणि वरून पाहिल्यास कंबर दिसावी, हे साधे मोजमाप पुरेसे आहे. दर महिन्याला वजन करून त्याची नोंद ठेवावी.

व्यायामाचा नियम थोडा आणि वारंवार असा असावा. टाके निघाल्यावर पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांनी सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवावी. तीन पायांच्या श्वानाला संथ चालणे अवघड आणि दुडक्या चालीने धावणे सोपे जाते, कारण वेगामुळे तोल सावरतो. त्यामुळे तो भराभर पुढे जातो आणि एकाएकी थांबून बसतो. हा हट्ट नसून थकवा असतो. तेव्हा त्याला ओढू नये. एकाच दिवशी लांबची रपेट काढून उरलेला आठवडा घरात कोंडणे सर्वात हानिकारक. बसून उठणे, उशीवर काही क्षण उभे राहणे अशा व्यायामांनी पाठीचे आणि पायांचे स्नायू बळकट होतात. पोहणे किंवा पाण्यातील व्यायाम मोठ्या शहरांत काही ठिकाणी उपलब्ध आहे. त्यात सांध्यांवर भार येत नाही. उरलेल्या पायांवर आणि पाठीवर आयुष्यभर जादा ताण राहणार असल्याने दर सहा महिन्यांनी सांध्यांची तपासणी करून घ्यावी.

कृत्रिम पायाची चौकशी बहुतेक मालक करतात. मात्र त्यासाठी पायाचा बराचसा भाग शिल्लक असावा लागतो. खांद्यापासून काढलेल्या पायाला तो बसवता येत नाही. म्हणून कृत्रिम पायाचा विचार असल्यास त्याची चर्चा शस्त्रक्रियेपूर्वीच व्हायला हवी. बहुसंख्य श्वानांना त्याची गरज भासत नाही.

कर्करोग असेल तर

हाडाच्या कर्करोगात पाय काढल्याने वेदना थांबते, आजार संपतोच असे नाही. निदान होईपर्यंत रोगाच्या सूक्ष्म पेशी बहुधा फुप्फुसांत पोहोचलेल्या असतात, जरी क्ष-किरण चित्रात त्या दिसत नसल्या तरी. केवळ शस्त्रक्रिया केलेले श्वान सर्वसाधारणपणे चार-पाच महिने जगतात. त्यानंतर केमोथेरपी दिल्यास हा काळ दहा महिने ते वर्षभर लांबतो. थोडेच श्वान दोन वर्षांचा टप्पा ओलांडतात. केमोथेरपीची मात्रा माणसांच्या तुलनेत सौम्य असते आणि बहुतेक श्वान ती चांगली सोसतात.

एवढ्या थोड्या काळासाठी पाय कापावा का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे एकच उत्तर नाही. मिळणारे महिने वेदनामुक्त असतील का, खर्च आणि रुग्णालयाच्या फेऱ्या कुटुंबाला झेपतील का, याचा शांतपणे विचार करावा. रोग फुप्फुसांत दिसू लागला असेल किंवा श्वान अन्य व्याधींनी जर्जर झाला असेल, तर शस्त्रक्रिया न करता वेदनाशमनावर भर देणे आणि योग्य वेळी त्याला शांत निरोप देणे हाही प्रेमाचाच निर्णय असतो. त्यासाठी कोणी मालकाला दोषी ठरवू नये आणि मालकानेही स्वतःला ठरवू नये.

मालकाचे मन

अपघातानंतर मालकाला सर्वाधिक छळते ती अपराधी भावना. फाटक उघडे कसे राहिले, पट्टा का सोडला, लंगडणे आधीच का दाखवले नाही, हे प्रश्न रात्र रात्र झोपू देत नाहीत. त्यात 'एका कुत्र्यासाठी एवढे?' असे बोलणारे नातेवाईक भेटतात आणि दुःख बोलून दाखवण्याचीही चोरी होते. हे दुःख खरे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरात कामे वाटून घेतल्यास भार हलका होतो. एकाने औषधांची वेळ सांभाळावी, दुसऱ्याने फिरवण्याची, तिसऱ्याने अंथरुणाच्या स्वच्छतेची. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला आठवडा सर्वात कठीण असतो आणि 'आपण चूक तर केली नाही ना,' ही शंका याच काळात सर्वात तीव्र असते. ती जवळजवळ सर्वांनाच येते, हे आधी ठाऊक असले तर धीर राहतो. झोप आणि भूक अनेक आठवडे पूर्ववत झाली नाही, तर समुपदेशकाची मदत घेण्यात संकोच करू नये.

दुसरी अडचण रस्त्यावर येते. 'अरेरे, बिचारा!' हा उद्गार दिवसातून पाच वेळा ऐकावा लागतो आणि 'काय झाले?' हा प्रश्न दहा वेळा. त्याला एक छोटे, ठरलेले उत्तर तयार ठेवावे. 'अपघात झाला होता, आता छान आहे,' एवढे पुरते. श्वानाला स्वतःच्या व्यंगाची लाज नसते. आपण कसे दिसतो, याची त्याला पर्वाही नसते. मात्र मालकाचा चेहरा, आवाज आणि हाताचा स्पर्श तो अचूक वाचतो. सतत रडवेल्या आवाजात बोलणाऱ्या घरात तोही बावरतो. त्याच्या जेवणाच्या, फिरण्याच्या आणि खेळण्याच्या वेळा शक्य तितक्या लवकर पूर्ववत कराव्यात, पूर्वीचे नियमही पूर्वीसारखेच पाळायला लावावेत. उठताना धडपडला तर लगेच धावून न जाता क्षणभर थांबावे. बहुतेक वेळा तो स्वतःच उठतो.

एक दक्षता मात्र घ्यावी. पूर्वी भांडण टाळून पळून जाणाऱ्या श्वानाला आता पळता येणार नाही, याची जाणीव झाली की तो अनोळखी कुत्र्यांवर आधीच गुरगुरू लागतो. सुरुवातीचे काही आठवडे त्याला ओळखीच्या, शांत श्वानांतच मिसळू द्यावे.

दोन ते चार आठवड्यांत बहुतेक श्वान घरात सहज वावरू लागतात आणि दोन-तीन महिन्यांत भादरलेल्या जागी केस येऊन व्रण झाकला जातो. संध्याकाळी पट्ट्याचा आवाज होताच तो दाराशी येऊन उभा राहतो. त्या दिवशी मालकाने फेरी थोडी आखूड ठेवावी, परतल्यावर पंजे पुसावेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा निघावे.